मातीसचं ‘गुलाबी न्यूड’ म्हणे दहा मिनिटांचं काम!

फ्रेंच चित्रकार आन्री मातीसच्या १९३५ सालच्या ‘गुलाबी न्यूड’चा, म्हणजे पहुडलेल्या नग्न बाईच्या चित्राचा, फोटो एका शेऱ्यासह फिरतोय: ‘याला माणूस काढता येत नव्हता. दहा मिनिटांत फासलंय, शेडिंगचा पत्ता नाही, नग्न बाई म्हणून खपलं.’

‘माणूस काढता येत नव्हता.’ चित्रकार गुस्ताव मोरोच्या हाताखाली शिकताना मातीसने पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून राफाएल, पूसाँ यांच्या माणसांच्या चित्रांच्या नकला केल्या होत्या. एवढं पुरे.

‘दहा मिनिटं.’ काम मे महिन्यात सुरू झालं आणि ऑक्टोबरअखेर संपलं. मधल्या टप्प्यांचे २२ फोटो आहेत. सुरुवातीला मागे खोल जागा असल्याचा आभास आहे, खुर्ची आणि फुलं ओळखू येतात, अंग बरंचसं नैसर्गिक प्रमाणात आहे. मग एकेक गोष्ट गळत जाते. ओल्या तैलरंगावर पुन्हा पुन्हा दुरुस्ती केली की रंग मळतो. म्हणून मातीस रंगीत कागद कापून कॅनव्हासवर टाचायचा, सरकवून बघायचा, पटलं तरच रंगवायचा. मातीसची कटआउट, म्हणजे कापलेल्या रंगीत कागदांची चित्रं, हा १९४१च्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर सुचलेला विरंगुळा, असं समजणाऱ्यांनीही हे बघावं. अमेरिकन संग्राहक बार्न्सच्या भित्तिचित्रासाठी तर त्याने ही युक्ती ‘गुलाबी न्यूड’च्याही आधी वापरली होती.

‘शेडिंग नाही.’ नाहीच, आणि नको होतं. मागे निळ्यावर पांढऱ्या रेघांच्या सपाट चौकटी आहेत. मांडीला छाया दिली तर ती गोल होईल, तिला मागे जागा लागेल आणि चौकटी ती देणार नाहीत. अंग वरून चिकटवल्यासारखं दिसेल. डोकं लहान का? प्रिंटवर नेहमीच्या मापाचं डोकं कापून ठेवून बघा. नजर चेहऱ्यावर अडकते, हातापायांची लय मरते. मोबाइलवर हे चित्र भिंतभर वाटतं. प्रत्यक्षात ते जेमतेम ६६ बाय ९३ सेंटिमीटर आहे. हा भव्यपणा येतो अंग कडांपर्यंत रेटल्यामुळे. त्यामुळे कोपर जरा हलवलं तरी कडेपर्यंतच्या सगळ्या रिकाम्या जागा बदलतात, त्या पुन्हा जुळवाव्या लागतात. सहा महिने गेले ते इथे.

‘नग्न बाई म्हणून खपलं.’ घेणाऱ्या होत्या अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या संग्राहक एटा कोन. १९०६पासून मातीसची चित्रं विकत घेणाऱ्या या बाईंना त्याने टप्प्यांचे फोटो पत्रांतून पाठवले होते. चित्र आज बाल्टिमोर म्युझियम ऑफ आर्टमध्ये आहे. आणि मॉडेल लिडिया डेलेक्टोर्स्काया हिचा चेहरा तर त्यात मोजक्या रेषांवर आलाय. चवीने बघायला आलेल्याच्या हाती फारसं काही लागत नाही.