"ऑटिझमवाल्यांना कसलं टेन्शन" या मेसेजबद्दल

गेल्या आठवड्यापासून आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. त्यात थोडक्यात असं की ऑटिझम लहान मुलांचा प्रॉब्लेम, मोठेपणी आपोआप जातो, ही माणसं आपल्याच जगात असतात म्हणून त्यांना टेन्शन नसतं, जो नोकरी करतो त्याला ऑटिझम नाहीच, आणि तरी कोणी एन्झायटी आहे म्हणत असेल तर गर्दीत न्या, सवय लावा, होईल सरळ. मामी, आत्या, सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकून पुढे पाठवलाय. माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, नाशिकमध्ये अंबडला एका कंपनीत स्टोअरमध्ये कामाला आहे. त्यानेही तो वाचला, म्हणून लिहितेय.

"मोठेपणी जातो." नाही जात. ऑटिझम म्हणजे मेंदूची घडणच वेगळी असते, ती जन्मभर राहते. लिओ कॅनर या डॉक्टरने १९४३ मध्ये ऑटिझम असलेल्या ज्या ११ मुलांबद्दल लिहिलं त्यातला पहिला, डोनाल्ड ट्रिपलेट, पुढे बँकेत नोकरी करायचा, गोल्फ खेळायचा, आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला, तोवर ऑटिस्टिकच होता. आपल्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे आणि वयाची अट नाही.

"टेन्शन नसतं." हे वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं कारण खरं नेमकं उलटं आहे. २०१९ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितले गेले, तर ऑटिस्टिक मोठ्या माणसांपैकी साधारण २७ टक्के लोकांना त्या वेळी एन्झायटीचा आजार होता, आणि आयुष्यात कधीतरी झालेले ४२ टक्के. मग दिसत का नाही? कारण बऱ्याच जणांना आपल्या आत काय चाललंय ते शब्दांत पकडताच येत नाही. भाऊ कधी "मला टेन्शन आलंय" म्हणालाच नाही, तो म्हणायचा पोट दुखतंय. दोन वर्षं आम्ही ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, दोनदा सोनोग्राफी केली, रिपोर्ट नॉर्मल. शेवटी मी वहीत वार आणि वेळ लिहायला लागले तेव्हा कळलं, दुखणं रविवारी संध्याकाळी असतं आणि शिफ्ट बदलायच्या आदल्या दिवशी.

रविवारी संध्याकाळीच का, तर त्याचं उत्तर पुढच्या मुद्द्यात आहे. "नोकरी करतो, नीट बोलतो, म्हणजे ऑटिझम नाहीच." अहो तो रविवारी बसून सोमवारची बोलणी पाठ करतो. एका पानावर लिहिलेलं असतं, "कसा गेला रविवार?" आणि समोर "मस्त, तुमचा?" आणि त्याच्याखाली "उत्तर ऐकून झाल्यावरच निघायचं". याला मास्किंग म्हणतात, आपण चारचौघांसारखे दिसावं म्हणून दिवसभर स्वतःला दाबून धरायचं, आणि जे जास्त लपवतात त्यांच्यात एन्झायटी आणि डिप्रेशनही जास्त दिसतं असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. तुम्हाला दिसतो तो ऑफिसातला भाऊ. मला दिसतो तो घरी आल्यावर बाथरूमचा दिवा बंद करून पालथ्या बादलीवर अर्धा तास बसलेला, आणि तेवढा वेळ मिळाला नाही तर रात्री जेवत नाही.

आता "गर्दीत न्या". हे आम्ही करून बसलोय. दोन वर्षांपूर्वी काका त्याला प्रेमाने, खरंच प्रेमाने, विसर्जन मिरवणुकीला मेन रोडला घेऊन गेले. नाशिकचे ढोल म्हणजे काय ते आपल्याला माहितीये, छातीत वाजतात. त्याला ते फक्त मोठे लागत नाहीत, दुखतात. २०१३ पासून तर आवाज, उजेड, स्पर्श जास्त किंवा कमी जाणवणं हे ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच आहे. तो कान दाबून दुकानाच्या पायरीवर बसला आणि नंतर दोन दिवस एक शब्द बोलला नाही, तर लोक म्हणाले हट्टी आहे. भीती असेल तर थोडं थोडं करून सवय होते हे खरंय, फोन उचलायची भीती त्याने काउन्सेलरबरोबर अशीच कमी केली, आधी माझा फोन, मग आत्याचा, मग कुरिअरवाल्याचा, पण त्याच्या मर्जीने आणि त्याच्या वेगाने. दुखण्याची सवय नाही होत हो, माणूस फक्त गप्प सोसायला शिकतो.

आणि मेसेजमध्ये जे अजिबातच नाही ते म्हणजे पुढे काय होणार हे नक्की माहीत नसणं. ऑटिस्टिक लोकांच्या एन्झायटीमागे हे फार मोठं कारण असतं. आपल्या घरांत एक शब्द दिवसातून पन्नास वेळा येतो, "बघू". बघू म्हणजे हो, बघू म्हणजे नाही, बघू म्हणजे नंतर विचार, आपण तोंडाकडे बघून समजून घेतो, तो नाही घेऊ शकत. पाहुणे "संध्याकाळी येतो" म्हणाले की तो चार वाजल्यापासून खिडकीत उभा, आणि ते आठला आले की त्याचे हात थरथरत असायचे. औषधं, काउन्सेलिंग याचाही फायदा झाला, पण आमच्या घरात सगळ्यात मोठा फरक पडला तो वेळ सांगायला लागल्यापासून, आणि बदल झाला तर लगेच मेसेज करायला लागल्यापासून.

परवा मामाचा फोन आला, रविवारी येतोय म्हणाला. किती वाजता विचारलं तर म्हणाला, बघू. मी परत विचारलं. मग म्हणाला, अकरा वाजता, आम्ही दोघंच, जेवून तीनला निघू. ते मी तसंच्या तसं कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय.