पंधरा ऑगस्टला गोव्यात येताय? या, या!

पंधरा ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आला की गोवा गाठायलाच हवा. घरी बसून कुठं देशप्रेम होतं?

बॉनेटवर तिरंगा बांधा. झारापपर्यंत एक टोक सुटून चिखलात लोळेल. लोळू दे.

गोवाही १९४७लाच स्वतंत्र झाला, असं मुलांना छातीठोक सांगा. मग १९ डिसेंबर १९६१पर्यंत पोर्तुगीज इथं काय करत होते, असं एखाद्या आगाऊ पोरानं विचारलंच तर म्हणा, पाव भाजत होते.

राममनोहर लोहियांचं नाव घ्यावं. १८ जून १९४६, मडगाव, पोर्तुगीजांविरुद्धची सभा. एवढं पुरतं.

आता महत्त्वाचं. सिंधुदुर्गातलं बांदा सोडलं की गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला हुतात्मा स्मारक लागतं. तिथं थांबाच. पाय मोकळे करायला, वेफर्सची पुडी फोडायला जागा झकास. परवा मी मामांना घेऊन गेलो होतो. मामा एक्याऐंशीचे. १५ ऑगस्ट १९५५ला ते बांद्यात होते, अकरा वर्षांचं पोर. देशभरातून आलेले सत्याग्रही नुसता झेंडा घेऊन हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. मागं आणलेल्या जखमींना मामांनी कळशीतून पाणी पाजलं. तेव्हापासून त्या दिवशी अनंताची दोन फुलं. यंदा चपला काढून, हात जोडून उभे राहिले, तर एक तरुण जवळ आला. मला वाटलं, काही विचारायचं असेल.

"काका, जरा बाजूला व्हाल? फ्रेममध्ये येताय."

आणि मित्राकडे वळून, "आज ड्राय डे आहे का रे?"

मामा बाजूला झाले. चपला हातात घेऊन, ओल्या गवतात.

अरे, बाजूला कोणी व्हायचं? गोवा सुटल्यावरही, त्यासाठी लढलेले मोहन रानडे १९६९पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते, आणि तुम्हाला फ्रेमची पडलीय! आम्हा गोंयकारांनीही फिदीफिदी हसू नये. आमच्या पोरांना विचारा, पत्रादेवीला काय आहे? म्हणतील, स्वस्त पेट्रोल. त्यांना कधी तिथं नेलंय आपण? पुढाऱ्यांचं तर बोलायलाच नको, हार घालून गाडीत बसायची कोण घाई!

फोटो काढा, कोण नको म्हणतंय? पण आधी इथं कोण मेलं ते विचारा. म्हातारा माणूस हात जोडून उभा असेल तर दोन मिनिटं थांबा. बार कुठं पळून जात नाहीत.

आणि ती पुडी उचला.