ग्रेडियंटमधले पट्टे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुमचं म्हणणं असं की, गडद ग्रेडियंटमध्ये (एका छटेतून दुसऱ्या छटेत हळूहळू जाणाऱ्या रंगात) दिसणारे पट्टे हा स्क्रीनचा दोष आहे, डिथर, म्हणजे शेजारच्या छटांचे ठिपके मिसळून पट्टे लपवण्याची युक्ती, ही स्वच्छ चित्रावर मुद्दाम घातलेली घाण आहे आणि मी माझ्या लेखात सांगितलं म्हणून तुम्ही फाइल 16 बिटची केलीत, तर काडीचाही फरक पडला नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तिथे चूक माझी आहे. फाइल 16 बिटची करा (8 बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 छटा मावतात, 16 बिटमध्ये हजारो) एवढंच मी लिहिलं. कधी करायची ते लिहिलं नाही. 8 बिटमध्ये ग्रेडियंट ओढून झाला की पायऱ्या पडून गेलेल्या असतात. नंतर मोड (8 की 16 बिट) बदलला तर त्याच पायऱ्या मोठ्या डब्यात जातात, मधल्या छटा कुठून येणार? आधी मोड बदलायचा, मग ग्रेडियंट ओढायचा. मूळ लेखात ही दुरुस्ती आजच करतो.

स्क्रीनबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. काही स्वस्त पॅनल 6 बिटचे, म्हणजे प्रत्येक रंगाच्या 64 पायऱ्यांचे असतात आणि त्यांच्यावर चांगली फाइलही पट्टेदार दिसू शकते. पण माझ्या उदाहरणातलं गणित बघा. राखाडी 20 पासून 44 पर्यंतचा ग्रेडियंट, रुंदी 2400 पिक्सेल. 8 बिटमध्ये 0 ते 255 एवढेच आकडे आणि त्यातले आपल्या वाट्याला आले जेमतेम 25. म्हणजे एकेक छटा साधारण शंभर पिक्सेल पसरणार. स्क्रीन कितीही महागडी असली तरी हे पट्टे फाइलमध्ये आहेतच. आयड्रॉपर (पिक्सेलचा रंग आकड्यात दाखवणारं साधन) घेऊन डावीकडून उजवीकडे सरका : 30, 30, 30... आणि एकदम 31. त्यातून गडद भागात सपाट पट्ट्यांची कड डोळ्याला लगेच सापडते.

आता डिथर. तुमचा राग मला कळतो, कारण चित्रावर सरसकट ठिपके टाकणाऱ्या नॉइज फिल्टरने चित्र खरंच खरखरीत होतं. पण डिथर म्हणजे तो फिल्टर नव्हे. डिथरिंग चालू ठेवून तोच ग्रेडियंट पुन्हा ओढा आणि 800 टक्के झूम करून 30 आणि 31 च्या सीमेवर या. रेघ नसेल. 30 च्या पिक्सेलांत 31 चे तुरळक ठिपके, पुढे निम्मे-निम्मे, मग 31 मध्ये 30 चे तुरळक. फरक एकाच पायरीचा असतो, म्हणून झूम कमी केला की ठिपका दिसत नाही. डोळा दोन्हींची सरासरी घेतो आणि फाइलमध्ये नसलेली मधली छटा दिसते. मला ही युक्ती आजही फार सुंदर वाटते.

एक मात्र खरं : जेपीईजी (फाइल लहान करण्यासाठी तपशील गाळणारा फॉरमॅट) हे बारीक ठिपके टिकू देत नाही. क्वालिटी खाली आणली की आधी असाच बारीक तपशील जातो आणि पट्टे परत येतात. तुमचं चित्र जेपीईजी होतं, त्यामुळे तुम्हाला डिथर निरुपयोगी वाटलं असणं शक्य आहे. पीएनजीत ते जसंच्या तसं राहतं. फाइल मोठी होते, तेवढं सोसावं लागतं.

जाता जाता तुम्ही लाल ते हिरव्या ग्रेडियंटच्या मध्यावर दिसणाऱ्या चिखलासारख्या रंगाचाही उल्लेख केलात. तो रंगांचा दोष नाही. नेहमीच्या पद्धतीत मध्यावर लाल 128, हिरवा 128 येतो आणि तो मळकट दिसतो. फोटोशॉपमध्ये ग्रेडियंटची मेथड लिनिअर (रंग प्रकाशाच्या प्रमाणात मिसळणारी) करा, किंवा गिंपमध्ये ब्लेंड कलर स्पेस लिनिअर आरजीबी. तिथे मध्यावर 188-188 येतो, आधीपेक्षा उजळ पिवळा.

तुमची मूळ फाइल असेल तर ग्रेडियंटचा लेयर काढून टाका, 16 बिटमध्ये नव्याने ओढा आणि शेवटी 8 बिटला उतरताना डिथरिंग चालू ठेवा. गिंपमध्ये प्रिसिजन (बिटची संख्या) कमी करतानाच लेयरसाठी तो पर्याय विचारला जातो. तरीही पट्टे राहिले तर आयड्रॉपरचे आकडे इथेच लिहा. दोन शेजारच्या पट्ट्यांत एकाऐवजी तीन-चारचा फरक निघाला, तर गडबड ग्रेडियंटनंतरच्या लेव्हल्समध्ये किंवा कर्व्ह्जमध्ये (चित्राचा उजेड-काळोख बदलणाऱ्या साधनांत) शोधू.