विधानसभेची तारीख मुख्यमंत्री ठरवतात? फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

कोल्हापुरातल्या तालमींच्या, भावकीच्या, कॉलेजच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं सार असं: विधानसभेची निवडणूक केव्हा घ्यायची हे मुख्यमंत्रीच ठरवतात, म्हणून २०१९ला हरियाणाबरोबर झालेलं मतदान २०२४ला पुढे ढकललं. महापालिका जशी वर्षानुवर्षं लांबवली, तशी विधानसभाही लांबवता येते. जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार सरकारचेच, त्यामुळे यंत्रणाही सरकारची. लोकसभेला पाच टप्पे आणि विधानसभेला एकच, तीही सत्ताधाऱ्यांची सोय.

यामागचा राग मला कळतो. पण राग भलत्यावर निघाला की खरा जबाबदार नामानिराळा राहतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी लांबवण्याचा. राज्यघटनेच्या कलम १७२नुसार विधानसभेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षं. मागच्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ला संपत होती. ती वाढवण्याचा अधिकार मुख्यमंत्र्यांना नाही, राज्यपालांना नाही आणि निवडणूक आयोगालाही नाही. आणीबाणी लागू असेल तरच संसद कायदा करून एका वेळी एक वर्ष वाढवू शकते. लोकसभेच्या बाबतीत १९७६ला ते घडलं. मुख्यमंत्र्यांच्या हातात असते ती मुदतीआधीच सभागृह बरखास्त करण्याची शिफारस. म्हणजे निवडणूक अलीकडे ओढता येते, पलीकडे ढकलता येत नाही. राष्ट्रपती राजवटीचा रस्ता उरतो, पण तो केंद्राचा आणि त्याला संसदेची मंजुरी लागते.

आता तारखेचं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम १५प्रमाणे अधिसूचना राज्यपालांच्या नावे निघते, पण तारीख आयोगाने सुचवलेली असते, आणि मुदत संपायला सहा महिन्यांहून जास्त अवधी असताना ती काढता येत नाही. अधिसूचना निघाली की पुढचं गणित कलम ३०चं. २०२४चंच घ्या. अधिसूचना २२ ऑक्टोबरला, अर्ज भरायला सातवा दिवस म्हणजे २९ ऑक्टोबर, छाननी दुसऱ्या दिवशी ३०ला. माघार त्यानंतर दोन दिवसांनी, म्हणजे १ नोव्हेंबरला यायला हवी होती. पण १ला लक्ष्मीपूजन, २ला पाडवा, ३ला रविवार आणि भाऊबीज. सुट्टी आली की कायदा पुढचा कामाचा दिवस धरतो, म्हणून ४ नोव्हेंबर. माघारीनंतर चौदाव्या दिवसाच्या आत मतदान घेता येत नाही, म्हणजे १८ तारखेच्या आत शक्यच नव्हतं. मतदान झालं २०ला, मोजणी २३ला, आणि मुदत संपत होती २६ला. एवढ्या अरुंद जागेत कुणी मनमानी करायची म्हटली तरी किती करणार?

४ नोव्हेंबर कोल्हापूरकरांच्या चांगला लक्षात आहे. कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराने त्याच दिवशी अगदी शेवटच्या घटकेला अर्ज मागे घेतला. केवढी धावपळ आणि संताप झाला! पण दुपारी तीनची वेळ कायद्यात लिहिलेली आहे, आणि एवढ्या मोठ्या पक्षालाही तीनचे सव्वातीन करून मिळाले नाहीत.

अधिसूचना केव्हा काढायची, एवढी मोकळीक मात्र खरोखर आयोगाकडे असते, आणि हरियाणाचा प्रश्न तिथला आहे. हरियाणाची मुदत ३ नोव्हेंबरला संपत होती, आपली २६ला. १६ ऑगस्टला आयोगाने हरियाणा आणि जम्मू-काश्मीरची निवडणूक जाहीर केली. महाराष्ट्र मागे ठेवताना पाऊस, मतदार यादीचं उरलेलं काम, गणपतीपासून दिवाळीपर्यंतचे सण आणि सुरक्षा दलांची गरज ही कारणं सांगितली. त्याच काळात लाडकी बहीण योजनेचे हप्ते खात्यांत जमा होत होते. त्यामुळे ती कारणं कुणाला अपुरी वाटली तर हरकत घ्यायचा त्याला पूर्ण हक्क आहे. मलाही ती सगळी पटलेली नाहीत. मात्र निर्णय आयोगाचा होता आणि जाब त्यालाच विचारायला हवा. आयुक्त निवडणाऱ्या समितीत २०२३च्या कायद्याने पंतप्रधान, त्यांनी नेमलेला एक केंद्रीय मंत्री आणि विरोधी पक्षनेता आहेत, सरन्यायाधीश नाहीत. तिघांत दोघं सरकारचे. प्रश्न विचारायचा तर हा विचारा. फिरणाऱ्या मजकुरात याबद्दल एक ओळही नाही.

महापालिकेशी केलेली तुलना तर मला सगळ्यात जास्त खटकते. कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२०मध्ये संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ला. मधली पाच वर्षं शहरावर प्रशासक. वॉर्डातलं गटार तुंबलं तर सांगायला नगरसेवक नाही. पण ही निवडणूक घेणारा राज्य निवडणूक आयोग वेगळा, दिल्लीचा वेगळा. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचना. २०२२च्या मार्चमध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचे अधिकार राज्य सरकारकडे घेतले, आणि त्याच वर्षी सत्ता बदलल्यावर नियम पुन्हा फिरवले. शेवटी मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं. इथे सरकारांचा हात होता, दोन्ही बाजूंच्या सरकारांचा. विधानसभाही अशीच लांबते असं म्हणणारा माणूस नकळत ही पाच वर्षं माफ करून टाकतो.

दोन्हींतला फरक याच शहरात दिसला आहे. आमदार चंद्रकांत जाधव यांचं डिसेंबर २०२१मध्ये निधन झालं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१अप्रमाणे रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची असते. १२ एप्रिल २०२२ला कोल्हापूर उत्तरमध्ये पोटनिवडणूक झाली. ज्या पेठांमधून आमदारासाठी रांगा लागल्या, त्याच पेठांना तेव्हा नगरसेवक नव्हता. अर्थात हे कलमही पोलादी नाही. पुण्याच्या खासदारांचं मार्च २०२३मध्ये निधन झालं, पण तिथे पोटनिवडणूक झालीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ती घ्यायला सांगितली, सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. ती पोटनिवडणूक न घेणंही मला चूक वाटतं, आणि त्याचाही जाब आयोगालाच विचारायला हवा.

यंत्रणेबद्दल थोडक्यात. त्याच कायद्याच्या कलम २८अप्रमाणे निवडणुकीच्या कामातले अधिकारी आणि पोलीस त्या काळात आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचं मानलं जातं. ते सरकारच्या पगारावर असतात, पण हुकूम आणि शिस्तभंगाची कारवाई आयोगाची. आयोगाने ४ नोव्हेंबर २०२४लाच राज्याच्या पोलीस महासंचालकांना पदावरून हलवलं होतं. कोणतं मतदान यंत्र कोणत्या केंद्रावर जाणार, हेही संगणकावर सरमिसळ करून, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर ठरतं. तिथे आपला माणूस हजर होता का, हे प्रत्येक पक्षाने आपल्या कार्यकर्त्यांना विचारावं.

राहिले टप्पे. लोकसभेला देशभर एकाच वेळी केंद्रीय दलं फिरवावी लागतात. त्यामुळे २०२४ला महाराष्ट्रात पाच टप्पे झाले आणि कोल्हापूर, हातकणंगले दोन्ही मतदारसंघ ७ मे रोजी तिसऱ्या टप्प्यात आले. विधानसभेला तेवढा ताण नसतो. २००९, २०१४ आणि २०१९लाही आपली विधानसभा एकाच दिवसात उरकली होती, आणि त्या तिन्ही वेळा मुंबईत सत्ता एकाच बाजूकडे नव्हती.