दिवसभरात एकच लेणं

दिवाळीच्या सुट्टीत भाचा परभणीहून आला. येतानाच मोबाइलमध्ये यादी करून आणली होती: दौलताबादचा किल्ला, खुलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर आणि परत येताना बीबी का मकबरा. सगळं एका दिवसात. मी म्हणालो, "बाळा, आपण फक्त वेरूळला जाऊ. तिथंही एकच लेणं बघू." पोरगं हिरमुसलं.

वेरूळला 34 लेणी आहेत. कैलास 16 नंबरचं, आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. अख्खं देऊळ एकाच कातळातून माथ्याकडून खाली कोरत आणलंय. म्हणजे आधी कळस, मग पाया. बांधकामात चुकलेला चिरा काढून दुसरा बसवता येतो. इथं छिन्नी जास्त लागली की गेलं ते गेलं. हे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलंय. पण ते अंगावर यायला खालच्या चौकात मान दुखेपर्यंत वर बघत उभं राहावं लागतं.

आमच्यासमोर माणसं येत होती, हत्तीजवळ फोटो, ध्वजस्तंभाजवळ रील, की निघाली. मला राग नाही आला, वाईट वाटलं. इतक्या लांबून लेकराबाळांना घेऊन यायचं आणि न बघताच जायचं!

माणसांच्या बाबतीतही आपण हेच करायला लागलोय. मागच्या वर्षी गावाकडच्या मित्राचे वडील गेले. त्यांच्या घरी मी किती वेळा जेवलोय. आणि मी ग्रुपवर हात जोडल्याचं चिन्ह टाकलं, दहाव्यालाही गेलो नाही. ते अजून टोचतं. त्या दिवशी त्याच्या ओट्यावर तासभर नुसतं बसायला पाहिजे होतं, बाकी काही नाही.

दक्षिणेकडच्या बाजूला, देवळाच्या खालच्या अंगाला, रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे. आम्ही तिथं कठड्यावर बसलो. पहिली दहा मिनिटं भाचा चुळबुळ करत होता. मग मोबाइल खिशात गेला. बऱ्याच वेळानं म्हणतो, "मामा, पार्वतीच्या मागं ही बाई पळून चाललीय का?"

होती खरंच. डोंगर हादरला म्हणून दासी पळत सुटलीय, पार्वतीनं शंकराचा दंड धरलाय आणि शंकर निवांत बसलाय. मी कितीदा तिथं आलोय, तिच्याकडं कधी नीट बघितलंच नव्हतं.

रावणाचे हात मोजायचे राहिले म्हणून तो उन्हाळ्याच्या सुट्टीत परत येणार आहे.