‘मूरु’ कळलं, ‘कडिमे’ नाही कळलं

दादा, कारखान्यात नव्या पोराला पहिले पंधरा दिवस शिकवायला एक जुना जोडीदार द्यावा, असं मी लेखात लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "नव्या पोराला पंधरा दिवस जोडीदार द्यायचा? कारखान्यात जावई आणलाय की काय! आम्ही झाडू मारून आणि शिव्या खाऊन शिकलो. आणि एवढं शिकवून पोरगं तिसऱ्या महिन्यात कागलच्या एमआयडीसीत जाणार," असं तुम्ही लिहिलंय. निपाणीत सहा माणसांचं वर्कशॉप चालवणाऱ्यानं हे लिहिलंय म्हटल्यावर दोन ओळींत बोळवण करणं बरं नाही.

आधी तुमचं बरोबर काय ते सांगतो. सहातला एक माणूस पंधरा दिवस नव्याच्या मागं फिरला तर ऑर्डर कोण पुरी करणार? हा हिशेब मी लेखात धरलाच नव्हता. आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या शॉपमध्ये माणसं जास्त, म्हणून मला ते सहज सुचलं. शिवाय जोडीदाराचं उत्पादन घटतं, त्याचा इन्सेंटिव्ह बुडतो, आणि मग तो नव्यावरच डाफरतो. हे आमच्याकडंही झालंय.

पण शिव्या खाऊन शिकलो, हे काही मला पटत नाही. शिव्या मीही पोटभर खाल्ल्यात. त्यातून मी एकच गोष्ट पक्की शिकलो, ती म्हणजे विचारायचं नाही. ही सवय मोडायला मला किती वर्षं लागली ते माझं मला ठाऊक.

जोडीदाराची कल्पना कुठून आली ते सांगतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावातून एक मुलगा सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर आला होता. आयटीआय झालेला, हात चांगला. बोअर, म्हणजे नगाचं आतलं भोक, थोडं मोठं येत होतं. सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, गोकाककडचा, कानडी बोलणारा. जाता जाता तो म्हणाला, "मूरु कडिमे माडु." मूरु म्हणजे तीन, एवढं पोराला येत होतं. आमच्यात नुसतं ‘तीन’ म्हटलं की ०.०३ मिलिमीटर, हेही त्याला माहीत होतं. कडिमे म्हणजे कमी, ते मात्र माहीत नव्हतं. त्यानं मान डोलावली आणि ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला माप दुरुस्त करायला देतात त्या आकड्यात, तीन वाढवले. बाहेरचा व्यास मोठा राहिला तर परत टर्न करून, म्हणजे कातून, कमी करता येतो. भोक वाढलं की धातू परत भरता येत नाही. पुढच्या तपासणीपर्यंत २२ नग भंगारात गेले.

मी पोराला झापलं. तो गप्प. दुपारी बघतो तर कॉम्प्रेसरच्या मागं एकटाच डबा खात बसलेला. तिथल्या आवाजात कुणी बोलूच शकत नाही, म्हणून त्यानं ती जागा धरली होती. आठ दिवस तो तिथंच जेवत होता आणि मला पत्ता नाही. दादा, ते २२ नग पोराइतकेच माझेही होते. सेटरनं ‘समजलं का’ एवढं विचारून भागत नाही, पोराकडून उलट वदवून घ्यावं लागतं, हे त्याला मीच कधी सांगितलं नव्हतं.

भाषेचं राजकारण इथं आणू नका, त्याला आपल्याकडं जागा कमी नाही. शॉपमध्ये मराठी-कन्नड दोन्ही चालणार. आम्ही मशीनजवळ दहा-बारा शब्द दोन्ही भाषांत, पण देवनागरीत लिहून लावलेत: कमी-कडिमे, जास्त-हेच्चु, थांब-निल्लु. कानडी सेटर हसला, मग त्यानंच दोन चुका दुरुस्त केल्या.

झाडूचं म्हणाल तर माझा विरोध नाही. पण चिप्स, म्हणजे कातलेल्या धातूच्या धारदार कपच्या, हातानं ओढायच्या नाहीत, हुकनं काढायच्या, मशीन चालू असताना तर नाहीच, हे झाडू हातात देण्याआधी सांगायचं. बोट कापल्यावर सांगून काय उपयोग? १९४८ च्या कारखाने कायद्यात १९८७ साली कलम १११-अ घातलं गेलं. सुरक्षेची माहिती आणि प्रशिक्षण मिळणं हा त्यात कामगाराचा हक्क धरला होता. म्हणजे हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नव्हे.

आणि कागल? जातात की. माझ्याकडचेही गेलेत. पगार जास्त मिळतो तिथं माणूस जाणारच, चार चांगल्या शब्दांनी तो थांबत नाही. पण पहिल्या आठवड्यातच न सांगता गायब होणारे वेगळे. ते पगारापायी जात नाहीत.

तुमच्या सहा माणसांत पंधरा दिवस नकोत. पहिले तीन दिवस, रोज अर्धा तास, आणि जोडीदार म्हणून सगळ्यात हुशार कारागीर नको. ज्याला प्रश्नाचा राग येत नाही असा निवडा. त्या अर्ध्या तासाचं उत्पादन त्याच्या हिशेबातून कापू नका.

आणि उद्या जेवणाच्या सुट्टीत एकदा बघून या, तुमचा नवा पोरगा डबा कुठं बसून खातो. मग लिहा मला.