वार्ताहराला जाहिराती आणायला लावणं बंद करा

आज सकाळी पेपर हातात घेतला तर पहिलं पानच गायब. आमदारांचा वाढदिवस! पानभर हसरा चेहरा, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंच्या रांगा. पंच, कंत्राटदार, बारवाले, सगळे. बातम्या तिसऱ्या पानापासून. संताप झाला नुसता.

त्यातले बरेच फोटो गोळा कोणी केले, ते मला ठाऊक आहे. आमच्या वाड्यावरच्याच मुलाने. गोव्यातल्या डिचोलीचा वार्ताहर आहे तो, माझा विद्यार्थी.

गेल्या पावसात आमच्या ग्रामसभेत डोंगर कापणीवरून रण पेटलं होतं. बायका उभ्या राहून विचारत होत्या, बांधकाम परवान्याचा ठराव कुठल्या बैठकीत घेतला? खालच्या विहिरींचं काय? सरपंचांना उत्तर सुचेना. हा मागे बसून मांडीवरच्या वहीत लिहीत होता. सभा संपल्यावर माझ्याकडे येऊन सर्व्हे नंबर परत विचारून घेतला, आकडा चुकू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी: ग्रामसभा खेळीमेळीत पार पडली. आणि त्याच आठवड्यात त्याच डोंगरावरच्या व्हिलांची अर्धं पान रंगीत जाहिरात.

त्याला विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "बाई, हांवें सगळें धाडिल्लें." म्हणजे, मी सगळं पाठवलं होतं.

त्याला पगार नाही. बातमीमागे पैसे मिळतात, तेही महिने उलटल्यावर. पेट्रोल स्वतःचं. हाताला लागतं ते जाहिरातीचं कमिशन. चतुर्थीची पुरवणी, दिवाळी अंक, वर्धापनदिन, प्रत्येकाला टार्गेट. आता तालुक्यात जाहिरात देणार कोण? तोच सरपंच, तोच बिल्डर. सोमवारी त्यांच्या दारात चेक मागायला उभं राहायचं आणि रविवारी ग्रामसभेत त्यांनाच ठरावाचं विचारायचं? कसं जमावं कोणाला?

पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ साली अधिसूचित झाल्या, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर शिक्कामोर्तब केलं. या मुलाच्या पदरात त्यातलं काय पडलं, सांगा.

गोव्यात पेपर आणि पैसा यांचं नातं जुनंच. 'गोमन्तक' १९६२ साली चौगुल्यांनी काढला, 'नवप्रभा' १९७० साली धेंप्यांनी. दोन्ही घराणी खाणवाली. त्या पेपरांनी आमच्या पिढीला मराठी वाचायला लावलं, ते ऋण मी विसरणार नाही. पण २०१२ साली बेकायदा खाणींवरचा शहा आयोगाचा अहवाल आला, खाणी थांबल्या, आणि आज पानं बघा: कॅसिनो, बिल्डर, सरकारची माहिती खात्यामार्फत येणारी जाहिरात. यांतल्या कोणाला दुखवून पेपर चालवायचा?

कागद, छपाई, गाड्या, खर्च वाढलाय, मान्य. पाच-दहा रुपयांच्या अंकात तो निघत नाही, तेही मान्य. म्हणून सगळा भार त्या पोराच्या खांद्यावर?

आणि वाचक तरी काय करतात? पेपर एक रुपयाने महागला की बंद करतात आणि व्हॉट्सअॅपवर पीडीएफ मागतात. मग म्हणायचं, पत्रकार विकले गेले! हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. आकडा चुकू नये म्हणून रात्री परत विचारायला आलेला मुलगा विकला गेलेला नसतो हो.

गावाने वर्गणी काढून त्याचं पेट्रोल भरूया, असं वाड्यावर कोणीतरी सुचवलं. भावना चांगली आहे, पण मला पटलं नाही. गावाचे पैसे घेतल्यावर उद्या गावाचंच काही चुकलं तर तो लिहिणार कसा? पगार पेपरनेच द्यायला हवा, आणि जाहिराती आणायला वेगळी माणसं. त्यासाठी किंमत वाढवा. मी देईन.

पुढच्या ग्रामसभेत डोंगराचा विषय परत येतोय. पेपरातलं कोणी हे वाचत असेल तर त्याने पाठवलेलं पूर्ण छापा. परवान्याचा ठराव कुठल्या बैठकीत झाला, याचं उत्तर सरपंचांनी अजून दिलेलं नाही.